कोकणकड्यावर ढग भरतात तेव्हा

पावसाळ्यात हरिश्चंद्रगड चढून कोकणकड्यापर्यंत गेलेली मंडळी परतताना एक तक्रार हमखास करतात. ‘कडा गाठला, पण काहीच दिसलं नाही. नुसतं धुकं!’ दोन-तीन तास चिखल तुडवून वर पोहोचावे आणि समोर पांढऱ्या रंगाखेरीज काही नसावे, तर मन खट्टू होणारच. तरी मला वाटते, कोकणकड्याचे खरे वैभव त्या धुक्यातच आहे. निरभ्र हिवाळी सकाळी इथून दिसणारे कोकण सुंदर असते यात शंका नाही, पण तसा देखावा सह्याद्रीच्या इतरही अनेक कड्यांवरून दिसतो. ढग दरीत भरत असताना या कड्यावर जे घडते, ते पाहायला मिळणारी ठिकाणे फार थोडी आहेत.

हरिश्चंद्रगड अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात येतो. पुणे आणि ठाणे जिल्ह्यांच्या हद्दी त्याला येऊन भिडतात. गडावर तारामती, रोहिदास आणि हरिश्चंद्र अशी तीन शिखरे आहेत. त्यांतले तारामती सर्वांत उंच, सुमारे १४२९ मीटर. वर जायच्या रूढ वाटा दोन. पाचनईहून येणारी वाट सोपी, ओढ्याच्या सोबतीने वर चढणारी. खिरेश्वरहून तोलारखिंडीमार्गे येणारी वाट लांब, आणि धुक्यात तिथल्या पठारावर वाट चुकणारे अनेक. तिसरी नळीची वाट. ती कोकणातल्या बेलपाड्याहून दगडधोंड्यांच्या अरुंद घळीतून कड्याच्या कुशीला येते. ती फक्त सरावलेल्या गिर्यारोहकांची. गडावर हरिश्चंद्रेश्वराचे कोरीव मंदिर आहे, आणि केदारेश्वराच्या गुहेत थंडगार पाण्याच्या मधोमध मोठे शिवलिंग आहे. ‘तत्त्वसार’ हा चांगदेवांचा ग्रंथ याच गडावर लिहिला गेला, शके १२३४ मध्ये. मंदिरापासून पश्चिमेला चालत निघाले की पठार हळूहळू उतरत जाते आणि एके ठिकाणी जमीन संपते.

ती कशी संपते हे पाहण्यासारखे आहे. कोकणकडा ही सरळ भिंत नाही. तो अर्धवर्तुळात आत वळलेला प्रचंड कडा आहे, आणि त्याची वरची कड खालच्या भागापेक्षा पुढे आलेली आहे. त्यामुळे काठाजवळ उभे राहून पाहिले तर आपल्या पायाखालची भिंत दिसतच नाही, एकदम खालचे जंगल दिसते. भिंत पाहायची तर काठापासून जरा मागे पालथे पडून, सरकत जाऊन, डोके तेवढे पुढे काढायचे. आपण ज्या खडकावर पडलो आहोत त्याच्या खाली थेट आधार नाही, हे तेव्हा लक्षात येते. कड्याच्या उंचीचे निरनिराळे आकडे ऐकू येतात, त्याचे कारण मोजण्याच्या जागेत आहे. फक्त उभा कातळ मोजला तर एक आकडा, त्याखालचा घसाऱ्याचा उतार धरला तर दुसरा, आणि थेट बेलपाड्यापर्यंत मोजले तर फरक एक किलोमीटरच्या जवळ जातो.

हा आकार घडला कसा, याचे उत्तर समोरच्या भिंतीवर वाचता येते. कड्याच्या एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाकडे पाहिले की खडकात आडव्या रेघा दिसतात, पावसाळ्यात प्रत्येक रेघेवर गवत हिरवे होते. भाकऱ्यांची चळत रचावी तसे लाव्ह्याचे थर इथे एकावर एक बसले आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून हा लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला, आणि त्याच्यावर पुढचा आला. आज शिल्लक असलेले दख्खनच्या बेसॉल्टचे क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. सगळे थर सारखे टणक नाहीत. थराचा मधला भाग घट्ट असतो. वरचा भाग थिजताना वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो. दोन थरांच्या मध्ये बराच काळ गेला असेल तर तिथे खडक कुजून माती झालेली असते, आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजून तांबडी केलेली असते. पाऊस आणि पाझर या कच्च्या पट्ट्यांना आधी पोखरतात. मग वरच्या टणक थराचा आधार जातो, आणि थंड होताना त्यात पडलेल्या उभ्या चिरांवरून मोठमोठे तुकडे सुटतात. उभी भिंत, पुढे आलेली कड आणि पायथ्याशी दगडांचा घसारा, हे तिन्ही याच कामाचे परिणाम. आणि हे काम थांबलेले नाही. काठाला समांतर गेलेल्या बारीक चिरा दिसल्या तर त्यांच्या पलीकडे पाऊल टाकू नये, ते एवढ्यासाठीच.

सबंध सह्याद्रीची पश्चिम कडाही अशीच मागे हटत आली आहे. लाव्ह्याच्या उद्रेकानंतर आजच्या किनाऱ्याच्या पश्चिमेला भूखंड फाटला, सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून वेगळा झाला आणि मधे अरबी समुद्र पसरला. फाटलेल्या काठावर जो उंच कडा तयार झाला, तो झिजत झिजत पूर्वेकडे सरकला आणि त्याने मागे सोडलेली सखल पट्टी म्हणजे कोकण, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. हे ध्यानात ठेवून खाली पाहिले तर दरीतल्या सुट्या टेकड्या आणि सुळके वेगळे वाटू लागतात. इथला डोंगर एकेकाळी कुठवर होता, याच्या त्या खुणा आहेत.

काठ हा पाणलोटाची सीमाही आहे. पठारावर पडलेले पाणी मंगळगंगेतून मुळेत, मुळेतून प्रवरेत आणि प्रवरेतून गोदावरीत जाते, म्हणजे आंध्र प्रदेशापर्यंत प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच सरीचा जो थेंब काठाच्या पलीकडे पडला, तो काळू नदीच्या पाण्यात मिसळून उल्हास नदीवाटे अरबी समुद्रात जातो. किनारा इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या उंचीवरून क्षितिज सव्वाशे किलोमीटरच्या घरात पडते, म्हणून पृथ्वीच्या गोलाईचा विचार केला तर समुद्र दिसायला हरकत नाही. आड येते ती हवेतली धूळ आणि बाष्प.

आता वारा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्य मोसमी वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात. कोकणाची पट्टी ओलांडेपर्यंत त्यांना मोठा अडथळा नसतो. मग अचानक ही भिंत. आत वळलेल्या कड्यात शिरलेल्या वाऱ्याला बाजूला निसटायला वाव कमी, म्हणून तो वरच्या दिशेने उसळतो. काठाशी गवताची काडी सोडली तर ती खाली न जाता डोक्यावरून मागे पठारावर येऊन पडते. मान पुढे केली की खालून येणारा वारा चेहऱ्यावर आदळतो. जवळच्या नाणेघाटाच्या परिसरात पावसाळ्यात कड्यावरून पडणारे पाणी वर उडताना दिसते आणि त्या ‘उलट्या धबधब्या’साठी मोठी गर्दी होते. कारण हेच. इथे एक कळकळीची सूचना करावीशी वाटते. वाऱ्याची गंमत पाहण्यासाठी काडी आणि पाला पुरेसा आहे. दगड वर येत नाही. तो खाली जातो, आणि खाली नळीच्या वाटेवर माणसे असू शकतात.

वर उसळलेली हवा पसरते आणि थंड होते. कोरडी हवा शंभर मीटर चढली की सुमारे एक अंशाने थंड होते. मोसमी हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्यामुळे काही शे मीटर चढल्यावरच तिच्यातले बाष्प सूक्ष्म थेंबांच्या रूपात बाहेर येऊ लागते. खालून पाहणाऱ्याला जो ढग डोंगराला टेकलेला दिसतो, तोच वर उभ्या असलेल्या माणसाला धुके वाटतो. शिवाय हा ढग कोकणातून तयार होऊन आलेला नसतो. तो भिंतीवर चढता चढता आपल्या डोळ्यांसमोर तयार होत असतो. कड्यात पाहत राहिले तर हे घडताना दिसते. मोकळ्या हवेत आधी एक विरळ धागा दिसतो, तो दाट होत वर येतो, त्याच्या मागून दुसरा येतो, आणि पाच-दहा मिनिटांत जंगल, घळ, समोरचे टोक सारे नाहीसे होते. मग तितक्याच झपाट्याने मध्येच भगदाड पडते आणि हजारभर मीटर खालचे एखादे शेत लख्ख दिसते.

ढग या काठाशी आपला बहुतेक पाऊस रिकामा करतो. याच अकोले तालुक्यात घाटमाथ्यावरच्या घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पूर्वेला संगमनेरकडे गेले की तो पाचशेच्या आसपास उतरतो. जेमतेम काही तासांच्या एसटी प्रवासात भाताची खाचरे मागे पडून बाजरीची शेते लागतात. पाचनई आणि आसपासच्या गावांतल्या महादेव कोळी समाजाचे जगणे या पावसाशी बांधलेले आहे. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, हे या भागातल्या घरबांधणीचे जुने तंत्र तिरक्या पावसात टिकणाऱ्या घरांसाठीच घडले. ती कारवी गडाच्या उतारांवर रानभर असते आणि सात वर्षांतून एकदाच फुलते.

मात्र ढग नेहमी काठ ओलांडतोच असे नाही. वारा मंदावला, पावसाने उघडीप दिली आणि पठारावर ऊन पडले, की दरी ढगाने काठोकाठ भरलेली राहते आणि अलीकडे लख्ख ऊन असते. काठावरून आत येणारे पातळ पदर तापलेल्या पठारावर विरून जातात. अशा वेळी सूर्य पाठीमागे, ढग समोर, आणि मधे आपण. कोकणकड्याची कीर्ती ज्या दृश्यामुळे झाली, ते इंद्रवज्र, म्हणजे समोरच्या ढगावर उमटणारे रंगांचे वर्तुळ, याच जुळणीतून घडते.

त्याची एक विलक्षण नोंद इंग्रज अधिकाऱ्याने करून ठेवली आहे. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी दख्खनच्या पाहणीच्या कामावर होता. लोकसंख्या, पिके, पक्षी, मासे, हवामान, सगळे तो टिपत असे. चंडोलाची एक जात आजही पक्षितज्ज्ञांमध्ये त्याच्या नावाने ओळखली जाते, आणि पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला. दख्खनच्या हवामानावरचा त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १८३५ साली छापला गेला. त्यात हरिश्चंद्रगडाचा प्रसंग आहे. कोकणातले धुके कड्याच्या वरपर्यंत आले होते, पण पठारावर शिरत नव्हते. साइक्स काठावर उभा होता आणि अगदी खाली असलेला स्वच्छ सूर्य त्याच्या पाठीशी होता. समोर धुक्यात रंगांचे संपूर्ण वर्तुळ उमटले, अर्धे तो उभा होता त्या पातळीच्या वर, अर्धे खाली. वर्तुळाच्या मध्यभागी त्याची, त्याच्या घोड्याची आणि सोबतच्या माणसांची सावली स्पष्ट दिसत होती. त्या माणसांचा विश्वास बसेना. आपलीच सावली आहे का हे पडताळायला त्यांनी हातपाय हलवून, निरनिराळ्या मुद्रा करून पाहिले, आणि त्यांच्या मनातली भीती जायला थोडा वेळ लागला. वर्तुळाचा व्यास पन्नास-साठ फुटांपेक्षा मोठा नसावा असा त्याचा अंदाज होता.

साइक्सने याला गोल इंद्रधनुष्य म्हटले. आज आपण त्याच्या नोंदीवरूनच सांगू शकतो की ते इंद्रधनुष्य नव्हते. इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांत बनते आणि सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूपासून सुमारे ४२ अंशांवर दिसते. त्याचा व्यास साठ फूट भासायचा तर धुके फक्त तीसेक फुटांवर हवे. शिवाय ढगातले थेंब इतके बारीक असतात की त्यांतून बनणारे धनुष्य जवळजवळ पांढरे असते. त्याने पाहिलेले रंग तर अत्यंत तेजस्वी होते. इंद्रवज्राचे वलय याहून पुष्कळ लहान असते. हात लांब करून मूठ धरली तर साधारण तेवढ्या रुंदीचे, कधी त्याहून मोठे. शंभरेक मीटरवरच्या ढगात असे वलय पडले तर त्याचा व्यास पन्नास-साठ फूट भरतो. साइक्सचे मोजमाप या हिशेबात चपखल बसते. भौतिकशास्त्रातले पुढचे शोध माहीत नसताना, काठावर उभे राहून नुसत्या डोळ्यांनी केलेली ही नोंद इतकी काटेकोर आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

वलय बनते ते असे. ढगातला थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो. त्याच्या कडेला लागलेला प्रकाश आत शिरतो, पृष्ठभागाशी लगटून फिरतो आणि जवळजवळ आल्या दिशेनेच परत निघतो. थेंबाच्या सगळ्या कडेवरून परतणाऱ्या या लहरी एकमेकींत मिसळतात. काही कोनांवर एक रंग बळावतो, काहींवर मावळतो, आणि मध्यबिंदूभोवती रंगांची वर्तुळे पडतात. आतून निळसर, बाहेरून तांबडी, आणि नशीब असेल तर एकाबाहेर एक दोन-तीन. नुसते किरण रेघांनी आखून हे कोडे सुटत नाही, प्रकाश लहर आहे हे धरावेच लागते. ब्राझीलचे भौतिकशास्त्रज्ञ मोयसेस नुसेनझ्वाइग यांनी यात भर घातली. थेंबाला स्पर्श न करता अगदी जवळून जाणारा प्रकाशही आत ओढला जातो आणि वलयाच्या उजेडात त्याचा मोठा वाटा असतो, असे त्यांनी दाखवले.

सूर्य, आपले डोळे आणि वलयाचा मध्य नेहमी एका रेषेत असतात. म्हणून वलय स्वतःच्या डोक्याच्या सावलीभोवतीच पडते. पाच जण ओळीने उभे राहिले तर प्रत्येकाला पाचही सावल्या दिसू शकतात, पण वलय मात्र एकाच, आपल्याच डोक्याला. सावली राक्षसासारखी मोठी भासते, कारण ती सपाट भिंतीवर न पडता धुक्याच्या जाडीतून आरपार गेलेली असते. जर्मनीतल्या हार्त्स पर्वतरांगेतले ब्रोकेन शिखर अशा सावल्यांसाठी युरोपात प्रसिद्ध झाले. तिथले वर्णन योहान सिल्बरश्लाग यांनी १७८० मध्ये केले आणि शास्त्रात ‘ब्रोकेनचे भूत’ हे नाव रूढ झाले. चीनमध्ये एमेई पर्वताच्या सुवर्णशिखराजवळही उत्तुंग कडा आहे. तिथे यात्रेकरू या वलयाला बुद्धाचा प्रकाश मानत, आणि त्याच्या ओढीने काहींनी दरीत झोकून दिले म्हणून त्या कड्याला देहत्यागाचा कडा म्हणतात.

या वलयातून विज्ञानाला जे मिळाले ती कथा मला सर्वांत प्रिय आहे. स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस शिखराची उंची १३४५ मीटर, म्हणजे आपल्या हरिश्चंद्रगडापेक्षा थोडी कमीच. तिथे त्या काळी हवामानाची वेधशाळा होती. १८९४ च्या सप्टेंबरात सी. टी. आर. विल्सन हा तरुण शास्त्रज्ञ काही आठवडे तिथे राहिला. खालच्या ढगांवर पडणारी सावली आणि तिच्याभोवतीची रंगीत वलये पाहून तो इतका भारावला, की प्रयोगशाळेत कृत्रिम ढग बनवून ती वलये पुन्हा घडवायची असे त्याने ठरवले. ते करताना त्याच्या लक्षात आले की धूळ नसली तरी विद्युतभारित कणांवर थेंब जमतात. त्यातून मेघकोष्ठ हे उपकरण तयार झाले. डोळ्यांना न दिसणाऱ्या कणाचा मार्ग त्यात धुक्याच्या रेघेसारखा उमटतो. विल्सनला १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९३२ मध्ये पॉझिट्रॉनचा शोध याच उपकरणातून लागला.

कोकणकड्यावर इंद्रवज्र पाहायचे तर सकाळ गाठावी लागते, कारण कडा पश्चिमेला उघडतो आणि सूर्य पाठीशी हवा. संध्याकाळी सूर्य समोर येतो. तेव्हा ढगांचे रंग देखणे असतात, पण वलयाची शक्यता नसते. भर पावसाच्या आठवड्यापेक्षा पावसाळा ओसरू लागतो ते उघडिपीचे दिवस बरे. आदल्या रात्री गडावर किंवा पाचनईत मुक्काम करून उजाडल्यावर काठाजवळ यावे आणि बसून राहावे. मिळेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. धुक्याला भगदाड पडणे, सूर्य मोकळा होणे आणि दरी भरलेली असणे या तिन्ही गोष्टी काही क्षणांसाठीच जुळतात. म्हणून अर्ध्या तासात फोटो काढून निघणाऱ्यांना हा कडा आपले फारसे काही देत नाही. ओल्या शेवाळाचा काठ, मागून येणारा अचानक झोत आणि फोटोसाठी मागे मागे सरकणारी पावले, यांत दरवर्षी सह्याद्रीत माणसे जातात. वलय दिसले की उभे राहून धावत पुढे जाण्याचा मोह अनावर होतो, तेव्हा बसूनच राहावे. बसलेल्या माणसाच्या डोक्याभोवतीही ते तितकेच पूर्ण असते. आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या, पत्रावळ्या, तंबूचे तुटके सामान काठावर टाकून येणाऱ्यांविषयी मनात संताप येतो, तो इथे लपवत नाही. हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. वाऱ्याने उडालेला कचरा दरीत पडला की तो उचलायला कुणी उतरू शकत नाही.

ज्यांना गड चढणे जमणार नाही त्यांनाही इंद्रवज्र पाहता येते, ते विमानातून. सूर्य ज्या बाजूला असेल त्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी घ्यावी. विमान ढगांच्या थरावर आले की खाली ढगांवर त्याची सावली शोधावी. विमान उंच गेले की सावली पुसट होत नाहीशी होते, पण रंगीत वलय तसेच सोबत धावत राहते. त्याचा मध्य विमानात आपण जिथे बसलो आहोत नेमका त्याच जागी असतो, त्यामुळे पंखामागे बसलेल्याला वलय सावलीच्या शेपटीकडे दिसते आणि पुढे बसलेल्याला नाकाकडे. खालच्या ढगातले थेंब बारीक असतील तर वलय मोठे होते, जाड असतील तर आक्रसते. एका ढगावरून दुसऱ्यावर जाताना त्याचा आकार बदलताना दिसला, तर खालच्या थेंबांचा आकार बदलला आहे हे खिडकीत बसूनच ओळखता येते.